पुराशी झुंजायलाही शिकावे लागते



आपल्या या अंकात माझ्याकडून नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहिले जाते. या वेळी संपादक मंडळाच्या परवानगीने जरा वेगळा विषय मांडतो. विषय शिक्षणाचा आहे, आणि तेही आपत्ती व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा. "ऊसवाल्याला असल्या शाळेचं काय काम?" असे कोणी म्हणेल. पण ज्यांची मळी नदीकाठाला आहे, त्यांनी तरी लेख अर्ध्यावर टाकून अंक मिटू नये, ही विनंती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींपैकी काहींनी आपत्ती व्यवस्थापनाचे दोन वर्षांचे, पदविकेच्या दर्जाचे शिक्षण घ्यावे. त्यासाठी कारखान्याने त्यांना हात द्यावा. आणि शिकून आल्यावर प्रत्येक गट कार्यालयाच्या पाठीशी असा एक जाणता माणूस असावा. पंधरवड्याचे शिबिर यासाठी अपुरे पडते आणि विद्यापीठाची सर्वांत वरची पदवी घेतलेला माणूस गावात टिकत नाही. आपल्याला गरज आहे ती या दोहोंच्या मधल्या शिक्षणाची.

आपत्ती आपल्याला नवी नाही

महाराष्ट्राने काय काय पाहिले नाही? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे, किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. तेथील दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा बोजा माणसांच्या अंगावर आला. त्यानंतर आपल्या कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यात २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांवर चढले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचगंगा ५५ फुटांवर गेली.

प्रत्येक वेळी माणुसकी उणी पडली नाही. भाकऱ्यांचे ढीग आले, कपड्यांचे ट्रक आले, तरुण मंडळांनी रात्रंदिवस काम केले. त्यांचे उपकार कोणी विसरणार नाही. पण हेही खरे, की एका गावात भाकरी वाया गेली आणि शेजारच्या वस्तीवर लेकरे उपाशी राहिली. कुठे किती माणूस अडकले आहे, कोणाला आधी काढायचे, कोणत्या रस्त्याला किती पाणी आहे, याची एकत्र माहिती एकाही ठिकाणी नव्हती. मदत भरपूर होती, तिची मांडणी नव्हती. आणि मांडणी करणे हे शिकून येणारे काम आहे.

सरकारने हे ओळखले नाही असे नाही. नागपुरात १९५७ सालीच केंद्र सरकारने आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. तीच पुढे १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ झाला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी प्राधिकरणे आली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. याच कायद्याचे ४१ वे कलम सांगते की, स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकारी व कर्मचारी आपत्ती व्यवस्थापनात प्रशिक्षित होतील हे पाहिले पाहिजे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपली ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिकाच. आता ज्याने त्याने आपापल्या गावात जाऊन विचारावे, की असा प्रशिक्षित माणूस आपल्याकडे किती आहे. उत्तर बहुतेकांना ठाऊकच आहे.

मधला माणूस का लागतो?

मी स्वतः कृषी पदविकाधारक आहे. पदवीधर नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. तरीही आपल्या शेतीत पदविकाधारकाने काय केले, हे सभासदांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

को ८६०३२ हा वाण १९९६ साली आपल्या राज्यात प्रसारित झाला. तो शोधायला शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची तपश्चर्या लागली. पण तो वाण तुमच्या बांधापर्यंत कोणी आणला? मोटारसायकलवर फिरणाऱ्या कृषी सहायकाने, कारखान्याच्या ऊस विकास विभागाच्या माणसाने. बेणेमळा कुठे करायचा, कोणत्या पाटलाच्या रानात निचरा नाही, कोणाचा शब्द गावात चालतो, हे त्याला ठाऊक होते. संशोधन वर होते, शेतकरी खाली होता आणि मध्ये जिना म्हणून हा पदविकाधारक होता.

आपत्तीच्या कामात आज नेमका हाच जिना नाही. वरच्या टोकाला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेथून शिकलेले लोक राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर कामाला जातात, ते योग्यच आहे. खालच्या टोकाला केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे. २०१६ मध्ये पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत ६ हजार स्वयंसेवकांपासून ती सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. योजना चांगली आहे. बुडणाऱ्याला कसे काढावे, प्रथमोपचार कसा करावा, हे त्यात शिकवतात. पण बारा दिवसांच्या शिबिरातून आलेल्या मुलाकडून गावाचा पूर नकाशा, जनावरांच्या स्थलांतराचा आराखडा, नुकसानीचा पंचनामा आणि तहसील कार्यालयाशी लेखी व्यवहार या सगळ्याची अपेक्षा कशी धरायची? ज्याला फवारणी येते त्याला माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतोच असे नाही, तसेच हे.

अमेरिकेतील दोन वर्षांची पदवी

या मधल्या शिक्षणाची सर्वांत चांगली घडी अमेरिकेत बसली आहे, म्हणून तिकडचे थोडे सांगतो. त्या देशात बारावीनंतर दोन वर्षांची 'असोसिएट डिग्री' असते. आपल्या पदविकेच्या जवळची म्हणा. ती 'कम्युनिटी कॉलेज' नावाच्या स्थानिक महाविद्यालयांत मिळते. फी विद्यापीठापेक्षा कमी, वर्ग संध्याकाळीही भरतात. आपत्कालीन व आपत्ती व्यवस्थापन हा विषयही अशा कॉलेजांत शिकवतात. शिकणाऱ्यांत अग्निशमन दलाचे जवान, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, पोलीस, सैन्यातून परतलेले शिपाई असतात. म्हणजे दिवसा काम करणारे आणि ज्या गावात राहतात तिथेच काम करणार असलेले लोक.

हे एका दिवसात झाले नाही. १९७० साली पानगळीच्या दिवसांत कॅलिफोर्नियात जंगलाला भयंकर वणवे लागले. तेरा दिवसांत सोळा माणसे गेली आणि सातशे इमारती जळाल्या. विझवायला अनेक खात्यांचे बंब आले. पण प्रत्येकाची बोलण्याची परिभाषा वेगळी, बिनतारी यंत्रणा वेगळी, आणि हुकूम कोणाचा मानायचा हे कोणालाच कळेना. त्या अनुभवातून एक पद्धत बसवली गेली. घटना कोणतीही असो, तिचा एकच प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली चार कामे: प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, साधनसामग्री आणि हिशेब. एका माणसाने साधारण पाच जणांवर देखरेख ठेवायची, सातांच्या वर जायचे नाही. पुढे १९७९ साली त्यांच्याकडे 'फेमा' ही मध्यवर्ती आपत्ती संस्था स्थापन झाली, १९८३ मध्ये टेक्सासच्या एका विद्यापीठात या विषयाची पहिली पदवी सुरू झाली आणि १९९४ पासून फेमाने महाविद्यालयांतून हा अभ्यासक्रम पसरवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला.

ही परदेशची कौतुके कशाला, असे वाटेल. पण कॅलिफोर्नियाची तीच पद्धत आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने भारताला साजेशी करून २०१० मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने स्वीकारली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाचे आराखडे आज त्याच धर्तीवर होतात. मात्र तिकडे ही पद्धत दोन वर्षे बसून शिकलेला माणूस गावपातळीवर असतो आणि आपल्याकडे ती फाईलमध्ये असते.

आणि सभासदांनो, ही पद्धत आपल्याला परकी नाही. गाळप हंगाम आठवा. कार्यकारी संचालक एक. शेती विभाग तोडणी-वाहतूक पाहतो, आठवड्याचा तोडणी प्रोग्रॅम वेगळा बसतो, स्टोअर डिझेल-टायर पुरवते, अकाउंट विभाग बिले काढतो. टोळीला मुकादम, मुकादमावर चिटबॉय, चिटबॉयवर गटाचा माणूस. शेकडो वाहने आणि हजारो माणसे रात्रंदिवस हलतात आणि गव्हाण रिकामी पडत नाही. ज्यांनी एवढा कारभार उभा केला, त्यांना पुराचे आठ दिवस नीट चालवणे अशक्य नाही. फक्त ते शिकलेला माणूस जागेवर पाहिजे.

दोन वर्षांत नेमके काय शिकतात?

या अभ्यासाचे चार भाग असतात: धोका कमी करणे, पूर्वतयारी, प्रत्यक्ष प्रसंगाला तोंड देणे आणि नंतर सावरणे. आपल्या गावात त्याचा उपयोग काय, तो क्रमाने पाहू.

पहिला भाग धोका ओळखण्याचा व कमी करण्याचा. रेडिओवर, मोबाईलवर बातमी येते की आयर्विन पुलाजवळ पाणी ४२ फुटांवर. त्यावरून आपल्या गावच्या मरीआईच्या देवळापाशी पाणी कधी येणार, हे किती जणांना सांगता येते? म्हातारी माणसे अंदाज सांगतात, पण ती किती दिवस पुरणार? शिकलेला मुलगा मागच्या तीन पुरांच्या खुणा मोजून विजेच्या खांबांवर रंगाने पट्टे मारील. पुलाकडे अमुक फूट झाले की आपली अमुक गल्ली आणि तमुक रस्ता पाण्याखाली, असा तक्ता चावडीवर लावील. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले होते. घर भूकंपात टिकेल असे कसे बांधावे, हे त्यांनी शेजारणीपाजारणींना समजावले. गावातलाच शिकलेला माणूस सांगतो तेव्हा गाव ऐकते, हा त्यातला धडा आहे.

दुसरा भाग पूर्वतयारीचा. गावात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, दिवस भरत आलेल्या बायका किती, डायलिसिसला जाणारे किती, याची यादी जूनमध्येच तयार पाहिजे. पाणी दारात आल्यावर यादी करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. शिवाय माणूस घर का सोडत नाही, हे बाहेरच्या अधिकाऱ्याला कळत नाही. तो म्हणतो, लोक अडाणी आहेत. अहो, दावणीला चार म्हशी आणि एक गाभण गाय असताना आबा कुठे जाणार? जनावरांची सोय आधी केली की माणसे आपोआप निघतात. जनावरे कोणत्या माळावर न्यायची, तिथे पाणी कोठून, वैरण कोणाची, छावणीत लाळ्या-खुरकुताची लस कधी, हे सगळे आधी कागदावर आणि मग जागेवर करून ठेवण्याचे काम आहे.

याच भागात ऊसतोड मजुरांची गोष्ट येते. गावच्या मतदार यादीत त्यांचे नाव नसते आणि रेशनकार्ड त्यांच्या गावचे असते. अवकाळी पाऊस आला, कोप्यांना आग लागली, तर आपल्या तळावर किती बाया-लेकरे आहेत हे कोणत्या दप्तरात सापडणार? ती आपल्या भरवशावर आलेली माणसे आहेत. त्यांची मोजदाद हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच झाली पाहिजे.

तिसरा भाग प्रत्यक्ष प्रसंगाचा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे काढताना बोट उलटली आणि आयाबाया, लेकरे वाहून गेली. ते दुःख आठवले की आजही अंगावर काटा येतो. तिथे धावलेल्या माणसांना मी बोल लावत नाही, कारण जीव वाचवायलाच सगळे धडपडत होते. पण बोटीत किती माणसे घ्यायची, जाकिटाशिवाय कोणाला चढू द्यायचे नाही, काठावरच्या गर्दीला कोणी आणि कसे थोपवायचे, हे ऐन वेळी सुचत नाही. त्याची तालीम लागते. अंगात भिनेपर्यंत करावी लागते.

चौथा भाग सावरण्याचा, आणि इथे आपल्या पोटाचा प्रश्न आहे. पाणी उतरल्यावर उसाचे काय? शेंडा पाण्यावर राहिला असेल तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ बसला, तर वाढीचा कोंब कुजतो, कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साखर उतरते. असा ऊस लवकर तोडायला हवा. पण नेमक्या त्याच रानाला वाफसा नसतो, गाडी आत जात नाही. मग कोणाचा ऊस आधी, कोणाचा नंतर, यावरून भाऊबंदकी सुरू होते. अशा वेळी प्लॉट किती दिवस पाण्यात होता, शेंडा बुडाला होता का, लागण कधीची, वाण कोणता, याची नोंद कोणी निःपक्षपातीपणे ठेवली असेल तर तोडणी प्रोग्रॅमवर कोणी बोट ठेवणार नाही. पंचनाम्यालाही तेच लागू आहे. २०१९ च्या पुरानंतर एकाच शिवारातील शेजारीशेजारी दोन सभासद मी पाहिले. नुकसान सारखेच. एकाने उसाची नोंद, सातबारा आणि पाणी रानात असतानाचे तारखेसह फोटो जपले होते. त्याचे काम झाले. दुसऱ्याकडे सांगायला खूप होते, दाखवायला काही नव्हते. त्याला हेलपाट्यांवर हेलपाटे पडले. नुकसानीची मोजणी आणि नोंद हा या अभ्यासातला एक विषयच आहे.

शिवाय आपल्या कारखान्याचा आवार आहे. बगॅसचे ढीग, बॉयलर, मळीच्या टाक्या, आणि जिथे आसवनी आहे तिथे मद्यार्काचा साठा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांना आवारातील आपत्कालीन आराखडा करणे बंधनकारक झाले. आराखडा लिहिणे एक आणि कामगारांकडून तो करवून घेणे दुसरे. दुसऱ्यासाठी माणूस लागतो.

सभासदांच्या शंका

या विषयावर मी गटागटांत बोललो तेव्हा तीन शंका पुन्हा पुन्हा आल्या.

पहिली : "आमची पोरं पट्टीची पोहणारी आहेत. त्यांना काय शिकवायचं?" त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण मेक्सिको शहरात १९८५ च्या सप्टेंबरमध्ये भूकंप झाला तेव्हाचे सांगतो. प्रशिक्षण नसलेल्या सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यातून सुमारे आठशे जीव वाचवले, आणि ते करताना शंभराहून अधिक नागरिक स्वतः मेले. हे पाहून अमेरिकेतील लॉस एंजलिस शहराच्या अग्निशमन दलाने सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू केली. आपली पोरे धावणारच आहेत, त्यांना कोणी अडवू शकत नाही. ती परत घरी यावीत यासाठी शिक्षण.

दुसरी : "पूर काय दर वर्षी येतो का? त्या माणसाला बाकीचे दिवस काय काम?" पूर दर वर्षी येत नाही. पण उभ्या उसावर विजेच्या तारा घासून आग लागणे, ट्रॉली उलटणे, विहिरीत माणूस पडणे, सर्पदंश, वीज पडणे हे दर वर्षी होते. आणि पूर्वतयारीचे बहुतेक काम कोरड्या दिवसांतच करायचे असते. विमा आपण दर वर्षी भरतो. घर दर वर्षी जळते म्हणून तो भरत नाही.

तिसरी शंका सर्वांत खरी : "शिकून नोकरी मिळेल का? की पोरगं पुण्याला जाऊन बसेल?" इथे मी गोड बोलणार नाही. शासनात या विषयाच्या जागा थोड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कंत्राटी असतात. एका कागदाच्या जोरावर कायम नोकरी मिळेल असे सांगणारा फसवतो आहे, असे समजावे. मात्र या अभ्यासाबरोबर औद्योगिक सुरक्षा, अग्निशमन किंवा संगणकावरील नकाशाकाम यांतले एक कौशल्य जोडले, तर कारखाने, रुग्णालये, नगरपालिका, विमा कंपन्या इथे त्याला किंमत येते. आणि मुलगा पुण्याला जाऊ नये असे वाटत असेल, तर इथे त्याला काम आणि मान दिला पाहिजे. नुसते "गावात राहा" म्हणून कोण राहतो?

कुठे शिकायचे आणि कसे पारखायचे?

आपल्याकडे 'असोसिएट डिग्री' या नावाचा प्रकार नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या शिक्षणात वाटेत उतरण्याची सोय सांगितली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाला आता रीतसर दर्जा मिळण्याचा रस्ता आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आपत्ती व्यवस्थापनात बारावीनंतरचे प्रमाणपत्र आणि पदवीनंतरची पदविका असे अभ्यासक्रम चालवले आहेत. शेती सांभाळून शिकणाऱ्याला मुक्त विद्यापीठ सोयीचे. प्रवेशापूर्वी चालू वर्षाची माहिती विद्यापीठाकडूनच घ्यावी, दलालाकडून घेऊ नये.

हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या भागातील एका सभासदाच्या मुलाने एका खासगी क्लासला चांगली जाड फी भरली. जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी' होते. वर्षभरात त्याला दोर, बोट, नकाशा यांपैकी कशालाही हात लावायला मिळाला नाही. झेरॉक्सची पुस्तके आणि चकचकीत प्रमाणपत्र तेवढे मिळाले. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत:

१. या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेतील विद्यापीठाचा आधार आहे का?

२. प्रत्यक्ष कामाचे दिवस किती? पाण्यात, मैदानात, आगीच्या सरावात विद्यार्थी उतरतो का?

३. नकाशा करणे, नुकसानीची नोंद घेणे आणि प्रथमोपचार हे तिन्ही शिकवतात का?

४. तहसील कार्यालय, अग्निशमन दल, रुग्णालय किंवा कारखाना इथे काही महिने उमेदवारी असते का?

चारपैकी तीन उत्तरे समाधानाची आली तरच पैसे भरावेत. बेणे विकत घेताना आपण डोळा तपासतो, मूळकुज पाहतो. पोराच्या दोन वर्षांची पारख त्याहून कमी कशी करायची?

कारखान्याने काय करावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढील सूचना संचालक मंडळापुढे व सभासदांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक गटातून एक मुलगा किंवा मुलगी निवडावी. निवडीत नदीकाठच्या गावांना पहिला मान असावा आणि निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. पुराच्या छावणीत बायकांच्या अडचणी बाईलाच सांगितल्या जातात, हे घराघरांत ठाऊक आहे. निवड गुणांवर आणि गावाच्या शिफारशीवर व्हावी, वशिल्यावर नको.

दुसरे, फीचा निम्मा भार कारखान्याने शिक्षणासाठी राखलेल्या रकमेतून उचलावा, निम्मा पालकांनी. पूर्ण फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. त्या बदल्यात शिक्षणानंतर तीन वर्षे त्या मुलाने आपल्या गटात काम करावे, असा लेखी करार असावा.

तिसरे, त्याला कामही ठरवून द्यावे. जून ते सप्टेंबर पूर नियोजन, हंगामात तोडणी-वाहतुकीची व तळांची सुरक्षितता, हंगामानंतर कारखान्याच्या आवारातील आराखड्याचा सराव. मानधन ठरावीक असावे.

चौथे, दर वर्षी मेअखेर प्रत्येक गटात एक रंगीत तालीम घ्यावी. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, वर्कशॉप, कँटीन, गोदाम ही सगळी साधने कारखान्याकडे आहेत. कोणते साधन कोणत्या गावासाठी कोणाच्या हुकुमाने निघेल, हे त्या दिवशी करून पाहावे आणि तहसीलदार, सरपंच, पोलीस पाटील यांनाही बोलवावे.

खर्च किती होईल, असे विचारणारे विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. त्याचा आकडा लेखा विभागाने काढून सभेपुढे ठेवावा. पण त्याच कागदावर दुसऱ्या रकान्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरांत आपल्या कार्यक्षेत्रातील किती एकर ऊस बुडाला, किती जनावरे गेली आणि किती टन गाळप घटले, हेही लिहावे. दोन्ही रकाने शेजारी ठेवून सभासदांनी निर्णय करावा.

सहकार म्हणजे एकट्याला न पेलणारे ओझे सर्वांनी मिळून उचलायचे. आपल्या वडीलधाऱ्यांनी शेअरचे पैसे गोळा करून माळावर धुराडे उभे केले, तेव्हाही "हे शेतकऱ्यांचे काम नव्हे" असे म्हणणारे होतेच. पुढचा पूर कधी येणार हे तुमच्या-माझ्या हातात नाही. तो येईल तेव्हा आपल्या गावात शिकलेला माणूस असेल की नाही, हे मात्र येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या हातात आहे. सभासदांनी या विषयावर आपापल्या गटात चर्चा करावी, सूचना लेखी स्वरूपात गट कार्यालयात द्याव्यात, आणि ज्यांची मुले बारावीत आहेत त्यांनी तर आजच घरी विषय काढावा, ही कळकळीची विनंती.

जय हिंद, जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी